कपाच्या आत तीन गोळ्या

बंदूक खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, हवामान खातं बोलतं, निवडणुकीच्या आधी आपला उमेदवार बोलतो, बंदूक नाही. आमच्या खोऱ्यात हे वाक्य बायबलातलं आहे असाच बऱ्याच जणांचा समज आहे. मला ते माझ्या मेहुण्याने, आर्विड टॉलफसनने सांगितलं. त्यानंतर जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्याने आपल्या रायफलीला खोटारडी, नाटकी, घरबुडवी, आणि एकदा बायको आसपास नाही असं बघून त्याहूनही वाईट काहीतरी म्हटलं.

झालं होतं असं की आर्विडला मेंढा लागला होता. म्हणजे सोडतीत. आमच्या मोंटानात हरीण कोणीही मारतं, एल्क, म्हणजे थोरलं सांबर, कष्टाळू माणूस मारतो, पण डोंगरातल्या रानटी बिगहॉर्न मेंढ्याचा परवाना सोडतीत निघावा लागतो. तो बहुतेकांचा निघत नाही. आर्विड लग्न झाल्याच्या वर्षापासून अर्ज करत होता. त्याची बायको बर्निस म्हणायची, "याने दरवर्षी तेवढ्याच चिकाटीने माझा वाढदिवस लक्षात ठेवला असता, तर मी सुखी बाई झाले असते." पंचाहत्तरीला टेकल्यावर त्याचा नंबर लागला. परवाना एका हंगामापुरता. दुसऱ्याला देता येत नाही. आणि एकदा मिळाला की पुढची सात वर्षं अर्ज करायचा नाही. आर्विडच्या दृष्टीने सात वर्षं आणि कधीच नाही यांत फारसा फरक नव्हता.

त्याच वसंतात त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मिझूलाच्या डॉक्टरने त्या थरथरीला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे आता वाढतच जाणार असंही सांगितलं. आर्विडने परवाना स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आणि डॉक्टरचं निदान पिकअपच्या कप्प्यात, जुन्या स्पार्कप्लगांखाली टाकलं.

"बाबांचंही असंच झालं होतं," तो मला एकदाच म्हणाला. आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. "शेवटी शेवटी आई त्यांना खिडकीजवळ बसवून चमच्याने सूप भरवायची. खिडकीतून डोंगर दिसायचा. लोक म्हणायचे, बघा, किती छान, डोंगर तरी दिसतो."

"मग?"

"मग काही नाही. मला त्या खिडकीत बसायचं नाही, मास्तर."

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणून मी मास्तर. माझं नाव डॉयल आहे, पण ते सासरकडच्या मंडळींनी एकदाच वापरल्याचं आठवतं.

टॉलफसनांच्या घरात एक नियम होता, तो बाबा टॉलफसनांपासून चालत आलेला. हंगामाआधी कागदावर कॉफीचा कप उपडा ठेवायचा, पेन्सिलने गोल काढायचा, कागद दोनशे यार्डांवर लावायचा आणि तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही गोलात बसल्या तर त्या वर्षी डोंगरात जायचं. नाही बसल्या तर घरी बसायचं. जनावराला जखमी करून सोडण्यापेक्षा लाकडं फोडलेली बरी, असं बाबा म्हणत. नियम चांगला होता. ज्यांचा हात थरथरत नाही अशा सगळ्यांनाच तो चांगला वाटतो.

जूनमध्ये आर्विडच्या तीन गोळ्यांपैकी एक गोलात बसली, एक कागदावर, आणि तिसरी कुठे गेली ते आम्ही जिथे नेम धरायचो त्या खडीच्या खाणीलाच ठाऊक.

"दारू," आर्विड म्हणाला.

ही दारू तो पीत नाही, काडतुसात भरतो. आर्विड दुकानातलं काडतूस कधी विकत घेत नसे. दुकानातलं काडतूस म्हणजे त्याच्या मते डब्यातलं सूप. उपाशी मरत असलात तर खायचं. तो रिकाम्या पितळी पुंगळ्या धुऊन, मापात दाबून, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून, आत मोजून दारू ओतून, वर गोळी बसवून आपली काडतुसं आपणच करायचा. बाहेरच्याला हे लोणचं घालण्यासारखं वाटतं. आतल्याला ते धर्मासारखं असतं, आणि धर्मासारखीच त्यात एक मोठी सोय आहे. नेम चुकला तर दोष द्यायला इतक्या गोष्टी आहेत, की स्वतःपर्यंत पोचायला वर्षं लागतात. दारू जास्त झाली असेल, कमी झाली असेल, जातच चुकली असेल. गोळी केसभर आत बसली असेल. पुंगळी थकली असेल. नळीत तांबं साचलं असेल. नळी जास्तच साफ झाली असेल. आर्विडने त्या उन्हाळ्यात हे सगळे देव एकेक करून पुजले.

गॅरेजमध्ये तो काम करताना बघण्यासारखं असे. तराजूच्या ताटलीत आधी मापाने दारू टाकायची आणि शेवटचे दोन-चार दाणे चमच्याच्या टोकावरून एकेक करून सोडायचे, हा त्यातला नाजूक भाग. त्यासाठी लोक चमचा हलकेच बोटाने ठोकतात. आर्विडला ठोकावा लागत नव्हता. तो चमचा ताटलीवर धरायचा आणि दाणे आपले आपण पडायचे, अगदी एकेक, जणू हिशेबाने.

"बघ," तो मला म्हणाला. "एवढं बिनचूक मी आयुष्यात भरलं नव्हतं."

मी "हो" म्हणालो. खरंच होतं ते. तराजूचा काटा रेघेवर येऊन उभा राहायचा आणि चमच्याचा हात लटलटत असायचा.

जुलैत त्याने दारू बदलली. ऑगस्टमध्ये गोळी बदलली. सप्टेंबरात मेंढ्याचा हंगाम सुरू झाला, तेव्हा तो रायफलीचा लाकडी दस्ता तासत होता, कारण ओलाव्याने लाकूड फुगून नळीला चिकटत असावं असा त्याला संशय आला होता. लोखंडी सामानाच्या दुकानातला मर्ल त्याला हवं ते सगळं मागवून द्यायचा आणि वर गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आर्विड, जरा घाई कर बाबा. मेंढे म्हातारे होऊन मरतील."

"तुझं काय जातंय? तुझं दुकान चाललंय ना?"

"दुकान चाललंय रे. पण या शेल्फावर तयार काडतुसं आहेत, बघ. वीस एका खोक्यात. एखादं घेऊन तरी बघ. कोणाला सांगणार नाही मी."

"मर्ल, तुझ्या बायकोने कधी डब्यातलं सूप वाढलं होतं का तुला?"

"रोज वाढते."

"दिसतंय ते," आर्विड म्हणाला आणि दारूचा नवा डबा घेऊन निघाला. दारात त्याच्या हातातला डबा चौकटीवर आपटला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मर्ल शेल्फावरची खोकी उगाचच सरळ करत बसला.

गावाला सगळं माहीत होतं. आमच्याकडे गाव म्हणजे एक दुकान, एक चर्च, दोन दारूचे गुत्ते, आणि एकमेकांच्या दुखण्याबद्दल अफाट ज्ञान. पण आर्विडपुढे कोणी हात हा शब्द उच्चारत नव्हतं. हवा, दारू, नळी, टोपी, यांवर मात्र जो तो तज्ज्ञ झाला होता. पाद्रीबुवांनीसुद्धा एका रविवारी प्रार्थनेनंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी थोडी बाहेर बसवून बघितलीस का?"

ऑक्टोबरात आर्विडला गोल काढता येईना. कप कागदावर नीट राहायचा, पेन्सिल राहायची नाही. मग बर्निस गोल काढून द्यायला लागली. ती बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे पातळ पोळ्या, लाटणारी बाई, तिचा गोल म्हणजे गोल. तो कागद घेऊन आम्ही खाणीवर जायचो, आर्विड वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायचा, श्वास सोडायचा, चाप ओढायचा, आणि दुर्बिणीतून मी सांगायचो: वर, डावीकडे. किंवा: खाली, बरीच. किंवा काहीच सांगायचो नाही.

एकदा परत आल्यावर आर्विडने कागद टेबलावर पसरला, फडताळातून आपला रोजचा कप काढला आणि गोलावर उपडा ठेवला. कपाभोवती चारी बाजूंनी रिकामी जागा उरली.

"बर्निस," तो म्हणाला. "हा कप आपला नाही."

बर्निस ओट्याशी पाठमोरी होती. "धुतल्यावर आक्रसला असेल."

"हा सूपचा वाडगा आहे."

"मग वाडगा असेल! वाडगा तर वाडगा!" ती वळली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. "तुझे बाबा कपच म्हणाले होते, केवढा ते म्हणाले नव्हते. त्यात तरी बसल्या का तिन्ही?"

बसल्या नव्हत्या. आर्विडने वाडग्याच्या गोलाच्या आत कप धरून दुसरा गोल काढायला घेतला आणि ती रेघ कागदभर हिंडून परत कधी स्वतःला मिळालीच नाही.

"जवळून मार ना मग," बर्निस हळू म्हणाली. "दोनशेच यार्ड कशाला? शंभरावर मार. पन्नासावर मार."

"मेंढा काय आपला जावई आहे, जवळ यायला?"

त्यानंतर बर्निसने मला अंगणात गाठलं. "डॉयल," ती म्हणाली, आणि माझं खरं नाव ऐकूनच मी घाबरलो. "तो झोपेत गोळ्या भरतो. खरंच. बोटं चालतात त्याची पांघरुणावर. तो डोंगरात गेला नाही तर हिवाळा काढणार नाही. आणि गेला आणि तिथे चुकला, तर डोंगरातून खाली येणार नाही. मला कळतच नाही देवाकडे नक्की काय मागायचं ते."

मी म्हटलं, बघू.

हंगामाचा शेवटचा दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा रविवार होता. दुपारी आम्ही दोघं खाणीवर गेलो. पातळ बर्फ पडून गेलं होतं, वारा नव्हता. आर्विडने आपल्या कपाचा गोल बर्निसकडून समोर बसून काढून घेतला होता. तीन गोळ्या मारल्या. मी दुर्बिणीतून बघितलं आणि दुर्बीण बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.

"सांग."

"एक आत आहे."

"आणि दोन?"

"नाहीत."

तो उठला. रायफल पिशव्यांवर तशीच ठेवली आणि बाजूला झाला. "बस तिथे," तो म्हणाला. "तू मार."

हे समजण्यासाठी आमची एक रीत माहीत असायला हवी. हाताने भरलेलं काडतूस भरणाऱ्यानेच मारायचं असतं. दुसऱ्याच्या बायकोबरोबर नाचलेलं चालतं, दुसऱ्याचं काडतूस मारलेलं चालत नाही. फुटलं तर तोंड कोणाचं जाणार हा प्रश्न असतो. आर्विडने त्याच्या सख्ख्या भावालाही कधी दिलं नव्हतं. आणि मी खोऱ्यातला सर्वांत वाईट नेमबाज होतो. मी वर्षातून एकदा हरणाच्या दिशेने गोळी झाडत असे, ती निव्वळ शेजारधर्म म्हणून.

"मी कशाला? मला काय येतंय?"

"म्हणूनच," आर्विड म्हणाला. "तुझ्याकडून कपात बसल्या तर बंदूक ठीक आहे. मग ती खोटं बोलत नव्हती. मला कळायला हवं, मास्तर. आज कळायला हवं."

मी बसलो. गालाला दस्ता गार लागला. रायफलीवरच्या दुर्बिणीतून गोल दिसत होता, स्वच्छ, बर्निसच्या हातचा. माझं डोकं त्या दिवशी फार वेगाने चाललं, जे एरवी कधी चालत नाही. मी ठरवलं की चुकायचं. सगळं पाप बंदुकीवर जाईल. तो हिवाळाभर दस्ता तासत बसेल, वसंतात नवी नळी मागवेल, आणि खिडकी आणखी एक वर्ष लांब राहील. मी गोलाच्या वर वीतभर नेम धरला आणि चाप ओढला. मग खाली उजवीकडे धरला आणि ओढला.

"वर," मी म्हणालो. "आणि खाली. बघ, मी म्हणत नव्हतो? हिला झालंय काहीतरी."

आर्विड कागदाकडे बघतच नव्हता. तो माझ्या डाव्या अंगाला, नळीच्या टोकाशी उभा होता आणि नळीकडे बघत होता. पन्नास हंगाम केलेल्या माणसाला नळी कुठे रोखली आहे ते दोनशे यार्डांवरच्या कागदाला विचारावं लागत नाही.

"दोन्ही वेळा तू गोलाबाहेर धरलीस," तो म्हणाला.

मी खटका मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढली.

"म्हणजे तुला माहीत आहे." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बर्निसने वाडगा घेतला, तिलाही माहीत आहे. मर्लला माहीत आहे. त्या पाद्र्यालासुद्धा. मलाच तेवढं भरत बसवलं सगळ्यांनी."

"आर्विड, अरे..."

"तिसरी खरी मार."

तिसरी मी खरी मारली. ती गोलाच्या बरोबर मधोमध गेली. आयुष्यात मी याहून चांगली गोळी मारलेली नाही, आणि याहून वाईटही.

आर्विडने दुर्बीण घेतली. दोन्ही हातांनी धरूनही ती स्थिर राहीना, तेव्हा त्याने ती माझ्या खांद्यावर टेकवली आणि माझ्या खांद्यावरून बघितलं. त्याची थरथर माझ्या मानेपर्यंत आली.

"दारूचा भार छान जमलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "जूनमध्येच जमला असणार."

मग त्याने पिकअपच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी त्याची पिकअप कधी चालवली नव्हती. तो शेजारच्या जागेवर बसला, रायफल गुडघ्यांत उभी धरून, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. खिडकीतून डोंगर दिसत होता.

कटर क्रीकच्या उतारावर वळण घेतलं आणि मी ब्रेक दाबला.

रस्त्याच्या मधोमध मेंढा उभा होता. नर. शिंगांचा वेढा गालाला पूर्ण वळसा घालून परत डोळ्यापर्यंत आलेला, टोकं झिजलेली, मान ओंडक्यासारखी. तो पिवळ्या रेघेवर डोकं खाली घालून रस्ता चाटत होता. आर्विडच्या परवान्यावर जो भाग लिहिला होता तो याच उतारापासून सुरू होत होता, आणि उजेड अजून कायद्यात बसत होता.

"बंद कर," आर्विड कुजबुजला. मी इंजिन बंद केलं.

"या अंतरावर कप काय," मी म्हणालो, "न्हाणीचा टब चालेल."

"रस्त्यावरून मारता येत नाही. रस्त्यावर असलेल्यालाही मारता येत नाही."

तो खाली उतरला. रस्त्याची हद्द जिथे संपते तिथल्या तारेच्या कुंपणाखालून, पंचाहत्तरीचा माणूस, रायफल पुढे सरकवत पोटावर सरपटत पलीकडे गेला. तिकडे सरकारी जंगल होतं. एका पाइनच्या बुंध्याला पाठ लावून त्याने गुडघे वर घेतले आणि रायफल त्यांवर ठेवली. पहिलं काडतूस त्याच्या हातातून बर्फात पडलं. दुसरं आत गेलं. गुडघ्यांवरसुद्धा नळी हलत होती, पण एवढ्या अंतरावर ती हलली तरी चाललं असतं. मेंढ्याने कुंपण ओलांडून त्याच्या बाजूला यायचा अवकाश होता. मेंढ्याची रोजची वाट तीच होती. बर्फात त्याचेच माग होते, आर्विड त्यांच्या शेजारीच बसला होता.

मेंढा रस्ता चाटत राहिला.

मी खिडकीची काच खाली केली. "हॉर्न वाजवू?"

आर्विडने नको अशी मान हलवली. गाडीने जनावर हुसकावणं गुन्हा आहे, हे मलाही माहीत होतं.

वरून लाकडं वाहणारा एक ट्रक आला. ड्रायव्हरने करकचून थांबवला आणि डोकं बाहेर काढलं. "मेलाय का तो?"

"नाही. जेवतोय," मी म्हणालो.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्याच्याकडे परवाना नव्हता, तो वाजवू शकत होता. मेंढ्याने एक कान हलवला आणि थोडा पुढचा रस्ता चाटायला घेतला. ट्रक त्याला वळसा घालून, पिकअपच्या आरशाला घासून निघून गेला.

उजेड उतरत गेला. डोंगराच्या टोकावरचा गुलाबी रंग गेला, मग बर्फ निळं झालं. आर्विड हलला नाही. मी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत बघितलं नाही. सबंध उन्हाळा, सगळ्या दारूंची सगळी मापं, बर्निसचा वाडगा, सगळं मिळून आता एवढंच उरलं होतं, की एका मेंढ्याने रस्ता सोडावा. मी प्रार्थना केली. मी एरवी करत नाही, त्यामुळे बहुधा पत्ता चुकला.

मग आर्विडने मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. सूर्यास्तानंतरची जी मुदत कायदा देतो ती संपली होती. त्याने खटका मागे ओढला आणि काडतूस तळहातावर घेतलं. तळहातात ते अंगठीवर वाजायला लागलं. टिक, टिक, टिक.

त्या आवाजाने मेंढ्याने डोकं वर केलं. तो रस्त्यावरून खाली उतरला, कुंपणावरून सहज उडी मारून आपल्या वाटेला लागला आणि आर्विडच्या इतक्या जवळून गेला, की त्याच्या अंगाची वाफ आर्विडच्या टोपीवरून गेली. आर्विडने मान वळवून तो झाडीत जाईपर्यंत बघितलं. झाडीत गेल्यावरही बघितलं.

मी तार वर धरली आणि तो परत आला. गाडीत बसल्यावर त्याने ते काडतूस पुढच्या कप्प्यात, स्पार्कप्लगांखाली, डॉक्टरच्या कागदाजवळ ठेवलं.

"केवढ्यावर होता रे?" त्याने विचारलं.

"आपलं स्वयंपाकघर आहे ना, तेवढ्यावर."

"एवढ्यावर मर्लचं काडतूससुद्धा चाललं असतं," आर्विड म्हणाला. मग हात दोन्ही मांड्यांखाली दाबून म्हणाला, "बर्निसला सांग, आज सूप मी वाडग्यातूनच पिईन. माझ्या हाताने."

मी गाडी सुरू केली. कटर क्रीकच्या उतारावर रस्तेवाले नोव्हेंबरपासून वाळूत मीठ मिसळून टाकतात. गाड्या घसरू नयेत म्हणून.